कार्डाचे पहिले चार आकडे

नातू समर्थचं लग्न झालं ते २०२३ साल. मे महिना. मांडव अजून उतरला नव्हता. त्याच मांडवात माझी धाकटी बहीण शकुबाई हिचा फोन मधोमध ठेवून आमची सोमेश्वरनगरजवळची अख्खी वाडी हात जोडून बसली होती.

शकुबाईला मधुमेह. पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, बारामतीला भरती व्हा. ती मात्र शेजारच्या बिरूनं मोबाइलवरून मागवलेलं ‘सिद्ध तेल’ महिनाभर लावत होती. ते संपलं, म्हणून आता तिनं ते तेल विकणाऱ्या महाराजांनाच फोन लावला होता.

"माई, डोळे मिटा," फोनमधून आवाज आला. "तुमचं क्रेडिट कार्ड मला हिमालयातून दिसतंय. चार... सहा... शून्य... सात!"

शकुबाईनं कार्ड पाहिलं. "अगं बया! खरंच की!"

"म्या म्हनलं न्हवतं, आक्का?" बिरू म्हणाला. "अंतर्ज्ञानी हायती."

"आता उरलेले आकडे सांगा. मग देवी फोनवर गुप्त मंत्र पाठवेल. तो फक्त मला सांगायचा."

माझी सून माधवी शाळेत शिकवते. उतारवयात मलाही अक्षरं तिनंच शिकवली. तिनं पुढं होऊन फोन बंद केला.

"अगं, कोप व्हईल!"

"होऊ दे, आत्याबाई. तो मंत्र म्हणजे ओटीपी. मामंजी, तुमचं कार्ड काढा. बाकीचे आकडे अंगठ्यानं झाका, पहिले चार वाचा."

मी वाचलं. "चार, सहा, शून्य, सात."

माझी बायको सारजा, तिनंही तिचं वाचलं. तेच. बिरूचंही तेच. उसाचं बिल ज्या बँकेत जमा होतं, तिनंच साऱ्या वाडीला कार्डं दिली होती.

"पहिले आकडे बँकेचे असतात," माधवी म्हणाली. "बिरूभाऊ, तेल मागवताना कार्डाचा पूर्ण नंबर सांगितलात?"

"व्हय. पत्त्यासकट. मंत्रबी." बिरूचा चेहरा उतरला. "मागनं कार्डावर दोन-तीन खरेद्या दिसल्या. म्हनलं पोरानं केल्या आसतील."

"म्हंजी बिरूच्या कार्डावरनंच साऱ्या वाडीचं आकडं कळलं. हिमालय बिरूच्या घरात हाय," सारजा म्हणाली. बिरूनं तिथंच बँकेला फोन करून कार्ड बंद करवलं.

बाबांनो, ऑनलाइन घ्यायचं तर ओळखीच्या दुकानातून घ्या. कार्डाचे आकडे, पाठीमागचे तीन, ओटीपी फोनवर कुणालाही बोलू नका. चमत्कार दिसला की आधी शेजाऱ्याचंही कार्ड बघा.

दुसऱ्या दिवशी शकुबाईला बारामतीला नेलं. पाय काळा पडला होता.

"दादा, आकडं तर बरुबर व्हतं रं," ती खाटेवरून म्हणायची.

"व्हय शकू, बरुबर व्हतं. समद्यांचंच."

माझी बहीण शकुबाई ११ जून २०२३ रोजी बारामतीच्या दवाखान्यात वारली.