पास झालेला उंदीर

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे, मित्रांनो, पण एकेकाळी माझ्या तब्येतीवर कबनूरच्या टॉवेल कारखानदार प्रभुलिंगआप्पांचं नशीब टांगलं होतं. मी तीन महिने ठणठणीत राहिलो, की त्यांच्या लाल रंगाला निर्धोकपणाचा दाखला मिळणार होता आणि त्यांचे टॉवेल परदेशी जाणार होते. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची; आता नव्व्याण्णव उजाडलंय.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेतला. आम्हा भावंडांना तो रंग रोज पाण्यातून पाजत. मिशा लाल, लघवी लाल. पण वजन वाढत होतं, म्हणून आम्ही पास. पास होण्याचं बक्षीस काय, तर पोट फाडून तपासणी! भावंडं गेली. माझी पाळी यायच्या आत आप्पा दाखला न्यायला आले. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, माझ्या कामापायी हा जीव तरी जायला नको. असा मी पिंजऱ्यासकट कबनूरला आलो. पाहुणा आला की आप्पा आधी दाखला दाखवत, मग मला.

आप्पांच्या सूत रंगवायच्या शेडमध्ये तानाबाई तरुणपणापासून उघड्या हातांनी त्याच रंगात सूत बुडवत होती. तिथल्या बायकांचा घाम लाल, थुंकी लाल. त्यांची समजूत अशी, की लाल पडतंय म्हणजे अंगातला रंग निघून जातोय; बरंच आहे.

दीडेक वर्षानं माझ्या पिंजऱ्यातला भुसा लाल झाला. आप्पांची मुलगी पवित्रा घाबरली. आप्पा हसले. "रंग पिलेला गडी हाय. उतरतोय हळूहळू."

दारातून तानाबाईनं दुजोरा दिला. "व्हय की आप्पा. मलाबी लघवीला लालच हुतंय. दुखतंयबी लई."

पवित्रा म्हणाली, "पण आप्पा, ह्याला दीड वर्षात रंगाचा थेंब न्हाई दिला. मग आता कुठला रंग उतरतोय?"

आप्पांनी भुसा चिमटीत धरून नाकाशी नेला. रंगाचा वास नव्हता. रक्त होतं. पवित्रानं तिथूनच तानाबाईला दवाखान्यात नेलं.

तिथं तानाबाईच्या मूत्राशयात मोठी गाठ निघाली. माझ्या पोटातली तर पवित्राच्या बोटांनाही लागते. आप्पा प्रयोगशाळेत भांडायला गेले, तर तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही तीन महिन्यांचीच तपासणी सांगितली होती." खोटं काहीच नव्हतं.

मित्रांनो, अजून तर काही झालं नाही, असं कुणी सांगितलं, तर किती दिवस वाट पाहिलीत, एवढं जरूर विचारा. आप्पांना दाखला मिळाला, साहेबांना फी मिळाली, परदेशाला टॉवेल मिळाले. मोल दिलं माझ्या भावंडांनी, मी आणि तानाबाईनं. आमच्या पिंजऱ्यांवर निदान प्रयोगाची चिठ्ठी तरी होती. तिला तर कुणी सांगितलंही नव्हतं, की तीही प्रयोगात आहे.