पहिला नळ खालच्या वस्तीला

ही गोष्ट दोन हजार एकवीस सालची. बाळापूर तालुक्यातल्या एका गावात मैनाबाई सरपंच झाली, गुलाल उधळला गेला, आणि पहिल्याच सभेत ती खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभी राहिली. समोर सदस्यांमध्ये तिचे भासरे किसनराव बसले होते. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर घरची सून खुर्चीवर बसत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. वीस वर्षं तिने ते पाळलं होतं. पुढच्याही सभा अशाच गेल्या. ग्रामसेविका ज्योत्स्ना मॅडम विषय वाचायच्या, मैनाबाई मान हलवायची आणि बोलायचे किसनराव.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मात्र पाण्याचा विषय निघाला. खारपाणपट्ट्यातलं गाव ते. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. गोड्या पाण्याची लाइन येणार होती, पण सुरुवातीला पाइप एकाच भागापुरते होते. खालच्या वस्तीच्या बाया दोन किलोमीटरवरून हंडे आणत. मतं मागताना मैनाबाईने त्यांना शब्द दिला होता.

"सरपंचाचं म्हननं हाये, पयले मेन गल्ली," किसनराव म्हणाले.

"सरपंच कोन हाये, किसनभाऊ? तुमी का थे?" वस्तीतली रूपाली मागून ओरडली. "आन मैनावहिनी, तुमी काहून भिताडाले चिकटून राहिल्या? थे पडून राहिलं का?"

सभा खो-खो हसली.

मैनाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पदर सावरून तिने भासऱ्यांना लांबूनच नमस्कार केला. मग चार पावलं चालून ती खुर्चीत बसली.

किसनराव ज्योत्स्ना मॅडमकडे वळले. "मॅडम, तिले सांगा, बस म्हना खुशाल. तिले अडोलं कोनं होतं?"

खरंच, कोणी अडवलं होतं? या माणसाने तर कधी डोळेही वटारले नव्हते. सहा महिने ती आपल्याच मनाला भिऊन उभी होती.

"पयला नळ खालच्या वस्तीले," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

"आन आपली गल्ली?" किसनराव ताडकन उठले. मॅडमकडे बघायचं ते विसरलेच.

"त्याच्यामागून, भाऊजी."

वीस वर्षांत दोघं पहिल्यांदा समोरासमोर बोलले. ठरावावर हात वर झाले. आधी बायांचे, मग हळूहळू बाकीच्यांचे.

मैनाबाईने पाचही वर्षं गाव चालवलं. आता शेजारच्या गावांतल्या बाया तिला सल्ला विचारायला येतात. ज्योत्स्ना मॅडमची बदली अकोटकडे झाली. रूपाली निवडणुकीला उभी राहायचं म्हणते, आणि तिला कोण अडवणार! किसनरावांच्या दारी नळ तीन महिने उशिरा आला. बाळापूरच्या बाजारात ते अजून ओळखीच्यांना थांबवून सांगतात, "आमच्या सरपंचानं मलेई थांबोलं, भाऊ! तुमच्या गावात हाये का अशी?"