जवळ कोण होतं

“आर्वो, आज जरा बेतानं रडा हं,” डॉक्टर होल्म म्हणाल्या. “मागच्या खेपेस तो पोरगा परीक्षा सोडून तुमच्यासाठी पाणी आणायला धावला.”

“मग त्याला पास करायचं होतंत,” मी म्हणालो.

माझी बायको मेरलिस गेल्यापासून मी डुलुथच्या या इस्पितळात खोटा नवरा होतो. शिकाऊ डॉक्टर खोलीत येतात, माझी खोटी बायको वारल्याचं मला सांगतात आणि होल्मबाई काचेआडून बघतात. ‘मृत्यू झाला’ असं स्पष्ट सांगावं लागतं. आडून आडून बोललं की नापास.

मायली वांग रात्रपाळी संपवून सरळ वॉर्डातून आली. ती एकदा नापास झाली होती. आज पुन्हा झाली असती तर वर्ष वाया गेलं असतं.

ती खुर्ची ओढून बसली. “हॅरल्ड,” हे माझं तिथलं नाव, “जोनची तब्येत रात्री फार बिघडली. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले...” पुढं तिला बोलवेना.

असं झालं की मी ठरलेलं वाक्य म्हणतो. “मग घरी कधी सोडताय तिला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “नाही हो. जोनचा मृत्यू झाला.”

आता मी रडायचं होतं. रडू येईना. तोंडून भलतंच गेलं, “शेवटी तिच्याजवळ कोण होतं?”

“मी होते. हात धरून बसले होते. कुत्र्याला कुणी खायला घातलं का, विचारत होत्या.”

जोनकडे कुत्रा नव्हता. आम्हाला दिलेल्या माहितीत तसं काहीच नव्हतं.

होल्मबाई आत आल्या. “पास. पण तो कुत्रा कुठून आणलास?”

मायली उठून बाहेर गेली. मी तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

“कोण होती ती?”

“आज पहाटे गेलेल्या एक बाई. नवरा बर्फात अडकला, उशिरा पोचला. मी सगळं सांगितलं, अगदी शिकवलंय तसं. त्यानं काही विचारलं नाही. मला दुसरा पेशंट होता, मी निघून आले.”

“आम्ही विचारत नसतो, पोरी. मीही नव्हतं विचारलं. फोन कर त्याला.”

“आत्ता? मी कालपासून झोपले नाहीये, आर्वो. मलाच रडू फुटेल.”

“फुटू दे. इथं कोण गुण देतंय?”

तिनं भिंतीला टेकून नंबर लावला. तिचा कप मी घेतला. पलीकडे घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं, आणि ती भिंतीपासून सरळ होऊन उभी राहिली.

“मी डॉक्टर वांग,” ती म्हणाली. “सकाळी एक सांगायचं राहिलं.”

मी कप धरून थांबलो.