चेष्टा तिसरी

“बाबा, लिनक्सवर कोणतं पण वायफाय अडॅप्टर चालत नाही. बघून घ्यावं लागतं,” प्रज्ञा म्हणाली.

“मग आधी बघायचं होतंस!”

दोन अडॅप्टर आणून झाली होती, एकावरही इंटरनेट मिळेना. माझा जुना कॉम्प्युटर विंडोजचा भार सोसत नाही म्हणून या पोरीने त्यात लिनक्स घातलं. आता दुपारच्या गाडीने ती नोकरीसाठी बेंगळुरूला निघाली होती. रोज याच पडद्यावर बोलू म्हणे! मला तिचं जाणंच मान्य नव्हतं. सगळा राग मी त्या बोटभर वस्तूवर काढत होतो.

“दुकानदार फसवतो आणि तू फसतेस. अक्कल गहाण टाकलीस?”

“त्याची गलती नाही. डब्यावर नाव तेच, पण कंपनीने आतली चिप बदलली. मी पूर्ण कोशिश...”

“मराठीत बोल!”

रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं जयपुरात काढली, पण मी, या ज्ञानोबाने, घरात हिंदी शिरू दिली नाही. त्याचा मला माज होता.

ती गडबडली. शुद्धसा शब्द आठवून म्हणाली, “मी खूप चेष्टा केली, बाबा.”

माझं डोकंच फिरलं. “बापाची चेष्टा करतेस? चालती हो!”

काय चुकलं ते तिला कळलंच नाही. डोळे पुसत तिने सकाळीच आणलेलं तिसरं अडॅप्टर खोक्यासकट टेबलावर ठेवलं, बॅग उचलली आणि गेली. मी दारापर्यंतही गेलो नाही.

चारच्या सुमारास ते खोकं कचऱ्यात टाकायला उचललं, तर आत तिच्या अक्षरातला कागद निघाला.

‘चेष्टा पहिली. वैशाली नगर. या चिपचा ड्रायव्हर नाही.
चेष्टा दुसरी. जवाहर नगर. मॉडेल तेच, चिप वेगळी.
चेष्टा तिसरी. चारदीवारी, जुन्या शहरात. दुकानातच लिनक्सवाला पेनड्राइव्ह लावून बघितलं. चालतं. बाबा, तुम्ही फक्त लावा.’

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. चौतीस वर्षं कानांवर पडलेला शब्द, पण लेकीच्या तोंडून आला तेव्हा मला फक्त अपमान ऐकू आला. स्वतःची लाज वाटली.

अडॅप्टर लावलं. दिवा लागला, इंटरनेट आलं. तिला कॉल केला. तीनदा वाजून बंद झाला.

मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, ‘चेष्टा चौथी. बाबांची.’ आणि उत्तराची वाट बघत पडद्यासमोर बसून राहिलो.