कुत्र्याचा सीन

गुणवंतानं एक कट चहा मोरेश्वर मास्तरांच्या पुढे सरकवला आणि अगदी सहज, माशी हाकलल्यासारखं, विचारलं,

"मास्तर, बाकी जाऊ द्या. तो कुत्र्याचा सीन कसा वाटला?"

मास्तरांनी चहा फुंकला. पांढुर्ण्यात सिनेमावर बोलायचा हक्क एकट्या मोरेश्वर मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते स्टेशनसमोरच्या या टपरीवर रोज एका सिनेमाचा निकाल लावत. त्यांच्या हातून एखादा सिनेमा पास झाल्याचं टपरीवाल्यालाही आठवत नव्हतं.

"कुत्रा?" मास्तर म्हणाले. "अरे, तो कुत्रा तर फारच बोलका आहे. काही न करता सगळं सांगून जातो."

"अन् शेवटी तो कुत्रा रडते तेव्हा?"

"तिथं माझ्याही डोळ्यात पाणी आलं, गुणवंता. खोटं कशाला सांगू?"

गुणवंतानं मान डोलावली. त्याच्या एकोणीस मिनिटांच्या सिनेमात कुत्रा नव्हता. मांजरही नव्हती. एक बकरी होती, तीही पाठमोरी.

सकाळपासूनचा हा तिसरा. मेडिकलवाला विनायक म्हणाला, कुत्रा एक नंबर, ट्रेनिंग कोणी दिलं? अनिलनं तर पिल्लू मागून ठेवलं. मागच्या रविवारी सौसरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला तेव्हा तिघंही पहिल्या रांगेत बसले होते, आणि सिनेमा संपल्यावर उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत हेच पुढे होते.

टपरीवरून उठताना गुणवंताला हसू यायला हवं होतं. गळ त्यानंच टाकला होता, मासेही लागले होते. पण हसू काही आलं नाही.

बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं मस्करी सोडून दुसरं काही मनापासून केलं नव्हतं. धंदा संत्र्याच्या दलालीचा, नाव मात्र फसवाफसवीत. सौसर तहसीलीतल्या रामाकोन्याच्या बागवाल्या भूपेंद्रला त्यानं एकदा दिल्लीचा मोठा व्यापारी येतो आहे म्हणून हार घेऊन तिगावच्या स्टेशनावर उभं केलं होतं. सांगितलेली गाडी तिगावला थांबतच नाही. ती धाडधाड निघून गेली, आणि हारातल्या अर्ध्या पाकळ्या तिच्या वाऱ्यानं रुळावर. आठ वर्षं झाली, बाजारात अजून लोक ते सांगतात.

असा हा माणूस, त्यानं या हिवाळ्यात मोबाइलवर सिनेमा काढला. संत्र्याच्या बागेला बहार यावा म्हणून महिना-दीड महिना पाणी तोडतात, झाड कोमेजू देतात. त्याला ताण देणं म्हणतात. सिनेमात एक शेतकरी बागेला ताण देतो, आणि त्याच दिवसांत घरात त्याचं आणि बायकोचं बोलणं बंद असतं. शेवटी तो पाणी सोडतो, आणि संध्याकाळी बायको चहा घेऊन दारात येते, बोलते. एवढंच. शेतकरी झाले पोस्टातून निवृत्त झालेले यशवंतराव, बायको झाल्या शाळेतल्या प्रतिभाबाई. शूटिंगच्या वीस दिवसांत गुणवंतानं कोणाची टर उडवली नाही. यशवंतरावांनी तर घाबरून विचारलं होतं, "तब्येत बरी आहे न रे बावा?"

उद्या रविवार. नागपूरच्या एका स्पर्धेत सिनेमा पाठवायची शेवटची तारीख. आणि गुणवंता ठरवून बसला होता, सिनेमात दम नसेल तर तो मोबाइलमधून पुसून टाकायचा आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. दम आहे की नाही, हे मात्र त्याला एकट्याला कळेना. एका रात्री पाहावं तर बरा वाटे, सकाळी पाहावं तर आपलंच तोंड पाहवत नसे.

घरी कुसुम गहू निवडत बसली होती.

"कुत्र्याचा सीन कसा वाटला तुले?" त्यानं चप्पल काढता काढता विचारलं.

"कुत्रा नव्हता त्याच्यात." तिनं मान वर केली नाही. "मले कायले तपासून राहिले? मी सांगतलं न, चांगला आहे."

"तू बायको आहे."

"मंग कोणाचं आयकसान? लोकायले इतकं फसवलं तुमी, की आता कोणी सरळ बोललं तं पचतच नाही तुमाले."

"सरळ नाही बोलून राहिले ते. वाखाणून राहिले."

कुसुमला यातला फरक कळला नाही, पण गुणवंताचं पोट तीस वर्षं त्याच फरकावर चाललं होतं. ज्या व्यापाऱ्याला बाग घ्यायची नसते तो धुऱ्यावरूनच, बांध न ओलांडता म्हणतो, वा भाऊ, काय माल काढला! आणि मोटरसायकलीला किक मारतो. ज्याला घ्यायची असते तो चिखलात शिरतो. झाडाखाली वाकतो, फळ फोडतो, तोंड वाकडं करतो. साल पोकळ आहे म्हणतो, आंबट आहे म्हणतो, मालकाच्या आज्यापर्यंत चुका काढतो. आणि जाताना एक फळ गुपचूप खिशात टाकतो. कोणी पाहिलंच तर म्हणतो, घरी दाखवतो.

त्याच्या सिनेमाला सगळे धुऱ्यावरूनच वा भाऊ करून गेले होते.

की हे आपसूक नव्हतं? गहू निवडणाऱ्या कुसुमच्या बोटांकडे पाहता पाहता त्याच्या डोक्यात लख्ख झालं. मास्तरसारखा माणूस उगाच पास करतो? कोणीतरी बसवलं होतं यांना. टाळ्या वाजवा, फुगवा, नागपूरला पाठवू द्या. तिथं तोंडावर पडला की मग बाजारात आठ वर्षं सांगायला गोष्ट झाली. हार घेऊन उभा करायचा, आणि गाडी धाडधाड जाऊ द्यायची.

हॉलमध्ये एकच माणूस काही बोलला नव्हता. चौदाव्या मिनिटाला तो खुर्ची सरकवून उठला आणि अंधारातून बाहेर गेला. गुणवंतानं मोबाइलवर वेळ पाहिली होती म्हणून आकडा पक्का होता. भूपेंद्र.

"चाललो," गुणवंता म्हणाला.

"कुठी?"

"रामाकोन्याले."

"रागाच्या भरात पुसून नका टाकजा तो पिच्चर," कुसुम मागून म्हणाली.

शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्यातून वाट काढत, मनातल्या मनात भांडण रचत, तो सौसर ओलांडून रामाकोन्याला पोचला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं.

भूपेंद्र बागेत होता. हातात कातर घेऊन झाडातल्या वाळलेल्या काड्या कापत होता. गुणवंताला पाहून तो थांबला नाही.

"आला काय बे? गाडी थांबली म्हणायची रामाकोन्याले."

"तुह्यावाला डाव समजला मले."

"कोणता डाव?"

"मास्तर, विनायक, अन्या. सगळे वाखाणून राहिले. तूच लावलं न त्यायले?"

भूपेंद्रनं एक काडी कचकन तोडली. "तुह्या पिच्चरसाठी मी पांढुर्ण्यापर्यंत पेट्रोल जाळू? इतका खराब पिच्चर आहे तो."

गुणवंता पुढचं वाक्य रचूनच आला होता. ते तसंच राहिलं.

"खराब?"

"मंग? ताणावरचं झाड म्हणून जे दाखवलं, ते ताणावर आहे काय? त्याले डिंक्या झाला. खोडातून डिंक गळून राहिला, साफ दिसते. ताणाचं पान मान टाकते, असं पिवळं नाही पडत. तीस वर्षं दलाली केली की झक मारली?"

"ते एकच झाड रस्त्याच्या जवळ होतं..."

"अन् यशवंतराव. दिवसभर बागेत हिंडते अन् पायजाम्याले एक कुसळ नाही. पोस्टातून आल्यासारखा घरी येते. प्रतिभाबाई भाकर थापते तं असं वाटते, फळ्यावर गणित पुसून राहिली."

गुणवंताचे कान तापले. मास्तर, विनायक, अनिल कोणाच्याच बोलण्यानं ते तापले नव्हते. त्यानं खिशातला शेवटचा डाव काढला.

"अन् कुत्र्याचा सीन?"

"कोणता कुत्रा?" भूपेंद्रनं पहिल्यांदा वळून पाहिलं. "कुत्रा कुठी होता? बकरी होती, तेही ढुंगण दाखवून. बागेत एक कुत्रा नाही, हेही चुकलंच तुहं."

गुणवंता धुऱ्यावरच्या दगडावर बसला.

"आणखी सांग," तो म्हणाला.

भूपेंद्रनं आणखी दोन काड्या कापल्या. मग आवाज खाली आला, जणू झाडाशीच बोलत होता.

"ते दोघं बोलत नाही, ठीक आहे. पण जेवताना बाई पाण्याचा गडवा त्याच्या हाताशी ठेवते. तसं नाही ठेवत. बोलणं बंद असलं की गडवा मधात ठेवते. दोघायच्या बरोबर मधात. ज्याले तहान लागली त्यानं घ्यावा. मंग होते काय, दोघंही तसेच उठते. पाणी न पेता."

हा सीन गुणवंतानं चारदा लिहिला होता. गडव्याचा विचार एकदाही केला नव्हता.

"अन् शेवट तं साफ खोटा," भूपेंद्र म्हणाला. "सकाळी पाणी सोडलं, सांजेले बाई चहा घेऊन हजर. बोलली बी. असं असते काय? पाणी सोडल्या दिवशी कधी फूल येते?"

गुणवंताच्या आत तीस वर्षांचा दलाल जागा झाला.

"थांब. तू तं चौदाव्या मिनिटाले उठून गेला होता. टायम पायला मी. शेवट कुठून पायला?"

भूपेंद्रच्या हातातली कातर उघडी राहिली.

"कोणी सांगतला तुले? मास्तरनं?" गुणवंतानं विचारलं.

"दरवाज्यातून पायला."

"आत खुर्ची होती तुही."

"उभ्यानं बरं दिसत होतं."

बागेच्या त्या टोकाला भूपेंद्रचं घर. दिवस मावळायला आला तरी ओसरीत झाडू फिरल्याचं दिसत नव्हतं. दोरीवर एक बनियान, एक दुपट्टा. त्याची बायको सुचिता पोळ्यापासून सौसरला भावाकडे होती. बाजारात सगळ्यांना माहीत होतं, आणि भूपेंद्रच्या तोंडावर तो विषय काढायची हिंमत फक्त गुणवंताला होती. दिवाळीत त्यानं काढलाही होता. भरल्या बाजारात विचारलं होतं, वहिनीले घ्यायले जाशीन तं हार आणू काय? लोक पोट धरून हसले होते. भूपेंद्रही हसला होता.

आताही जिभेवर तसंच एक वाक्य आलं. चांगलं होतं, दोन-चार वर्षं चाललं असतं. गुणवंतानं ते थुंकीबरोबर गिळलं.

भूपेंद्रनं कातर मिटवून कमरेला खोचली. दुपट्ट्यानं हात पुसले. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"ते फाइल टाकून ठेवजो माह्या मोबाइलवर," तो म्हणाला. "खराबच आहे. पण असू दे. घरी दाखवतो."

गुणवंताचा अंगठा मोबाइलवर थांबला. उद्या हीच फाइल बाजारच्या ग्रुपवर फिरू शकते. डिंक्याच्या झाडाभोवती लाल गोल काढून. तिगावचा हिशेब चुकता करायला यापेक्षा बरी संधी भूपेंद्रला मिळायची नव्हती, आणि त्याच्या जागी गुणवंता असता तर त्यानं ती सोडली नसती. त्यानं भूपेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा डोळे कुठे जातात, हे गुणवंताला पक्कं ठाऊक होतं. भूपेंद्रचे डोळे झाडाच्या बुंध्याशी होते.

त्यानं फाइल भूपेंद्रला पाठवली. बरोबरची एक खूण आली. रेंज कमी होती, दुसरी यायला वेळ लागला. दोघंही त्या खुणेकडे पाहत राहिले.

"आली," भूपेंद्र म्हणाला.

"मंग शेवटाचं काय करू?"

"चहा काढून टाक. बोलणंही काढ. बाईले नुसती दारात उभी राहू दे."

"किती वेळ?"

"मले काय विचारतं? पिच्चर तुहा आहे."

गुणवंतानं गाडीला किक मारली. कोणाची मस्करी केली की चार पावलं पुढे जाऊन मागे वळायचं आणि त्याचं तोंड पाहायचं, ही त्याची जुनी सवय. आरशात भूपेंद्र दिसत होता. मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून काही लिहीत होता, पुसत होता, पुन्हा लिहीत होता. गुणवंतानं हात पुढे करून आरसा आभाळाकडे फिरवला.

जामसांवलीच्या फाट्यावर गर्दी ओसरली होती. नारळाच्या एका दुकानापाशी गाडी लावून तो सीटवरच बसला आणि सिनेमा उघडला. बाई चहा घेऊन दारात येत होती. तिथून पुढचं त्यानं कापलं. दोनदा पाहिलं. मग चहा घेऊन यायचंही कापलं. आता शेवटी चहा आणायच्या आधीच्या प्रतिभाबाई दारात होत्या, चौकटीला हात लावून. आणि पहिल्यांदाच त्या मास्तरीण वाटत नव्हत्या.

फोन वाजला. कुसुम.

"कुठी आहे? पुसला की काय पिच्चर?"

"पुसला."

तिकडे गव्हाचं सूप खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"चाळीस सेकंद," तो घाईनं म्हणाला. "चाळीस सेकंदच पुसले वं. बाकी आहे."