अर्ध्यावर थांबलेला शाफ्ट

मित्रांनो, मी एक जुनं लेथ मशीन आहे. लोखंडाचा तुकडा जबड्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि हत्याराने हवा तेवढा कातू द्यायचा, एवढंच मला येतं. मोठ्या कारखान्याने मला भंगारात काढलं तेव्हा मिस्त्रींनी मला घरी आणलं. घर म्हणजे पुढे वर्कशॉप आणि मागे स्वयंपाकघर.

मिस्त्री कातायचे आणि त्यांची बायको मापं घ्यायची. केसभर फरकही तिला खपत नसे. "पुन्हा काता हो," ती म्हणायची, आणि मिस्त्री पुन्हा कातायचे.

गल्लीत गिरणी होती, बेकरी होती, छापखाना होता. कुणाचं काही मोडलं की ते माझ्याकडे यायचं. एकच सुटा भाग मोठी कंपनी कशाला बनवून देईल? आम्ही द्यायचो. सकाळी बंद पडलेली बेकरी संध्याकाळी चालू व्हायची आणि तिथल्या सहा जणांचा रोज बुडत नसे. वर्तमानपत्रात देशाच्या प्रगतीचे आकडे यायचे. त्यात आमची गल्ली कुठेच नसायची. मिस्त्री त्याच कागदाने माझं तेल पुसायचे.

मग नगरपालिकेची एक नोटीस आली. आमची गल्ली आता फक्त राहण्यासाठी, मशीनची वीज तोडणार, वर्कशॉप गावाबाहेर हलवा. तिथला सगळ्यात लहान गाळा आमच्या अख्ख्या घराच्या चौपट होता, आणि भाडंही तसंच. इथेच राहू द्या म्हणून मिस्त्रींनी तीनदा अर्ज केला. नगरपालिकेतला साहेब काही वाईट नव्हता.

"काका, मला कळतंय," तो म्हणाला, "पण गल्ल्यांची यादी वरून येते."

वीज तोडायला माणूस आला तेव्हा माझ्या जबड्यात गिरणीवाल्या मावशींचा शाफ्ट होता, गिरणीचा दगड फिरवणारा दांडा, अर्धा कातलेला. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांच्या गिरणीत लोकांच्या धान्याचे डबे ताटकळत पडले होते.

"अर्धा तास थांब रे," मिस्त्री म्हणाले.

"तीन गल्ल्या उरल्यात अजून, मिस्त्री. मला पण विचारणारे आहेत."

वायर तुटली. मी फिरता फिरता मंदावलो आणि थांबलो. मिस्त्रींनी माझा पट्टा हाताने ओढायला घेतला. बायको धावली, मावशीही लागल्या. तिघांनी जीव खाऊन ओढलं. लोखंडाची बोटभर साल निघाली, आणि पट्टा जागच्या जागी अडला.

"सोडा आता," बायको म्हणाली. "हात सोलवटले तुमचे."

मला जोर लावायचा होता हो. पण वीज नसली तर मी नुसतं वजन.

पुढच्या महिन्यात गिरणी बंद झाली. तिथे कामाला असलेल्या दोघीजणी घरी बसल्या. मग बेकरीची कणीक मळायची यंत्रं अडली, ती दुरुस्त करायला कुणी उरलं नाही. मिस्त्री आता एका कंपनीच्या फाटकावर बसतात, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. गंज चढू नये म्हणून त्यांची बायको मला तेल लावते.

काल भंगारवाला येऊन गेला.

"वजनावरच घेणार?" तिने विचारलं.

"मशीन म्हणून कोण घेतंय, वहिनी?"

मित्रांनो, तुमच्या गल्लीत असं एखादं वर्कशॉप चालू असेल, तर मोडलेली वस्तू फेकण्याआधी तिथे नेऊन दाखवा. एका दाराला कुलूप लागलं की पाठोपाठ किती लागतात, ते मी इथे बसून ऐकलंय. बाकी माझ्या हातात काही नाही. सोमवारी टेम्पो येणार आहे.