काळुरामबुवाचं भस्म

"पाटी नको, पुस्तक नको, उस्तादाच्या लाथा तर नकोच नको! विश्वकर्मा आपण होऊन हातात उतरतो!"

अठराशे ब्याऐंशी सालच्या माघात कोलशेतच्या बंदरावर काळुरामबुवा असा गरजला आणि त्याने मधु नावाच्या शिष्याच्या तळव्यांवर चिमूटभर भस्म चोळलं. मधुने म्हणे जन्मात हत्याराला हात लावला नव्हता. भस्म लावलं की विद्या आली, हात धुतले की गेली! तो डोळे पांढरे करून घुमला, मग रंधा उचलला आणि दोन घटकांत अशी पेटी जोडली, की सांध्यात नखही शिरेना. माणसं गहिवरली. बुवाने त्यांच्या कोंबड्या आणि तांदूळ तेवढे आवरून घेतले.

गर्दीमागे जेरोम उभा होता. होड्या बांधणारा. शाळा नाही, उस्ताद नाही. मोडक्या होड्या उसवून पाहत वीस वर्षं एकट्याने शिकलेला.

मिठागरात राबून तळपाय फुटलेल्या दगडूने भस्म घेतलं आणि पंधरा दिवसांत होडी उभी केली. जेरोमने वाकून पाहिली.

"दगडू, फटींत कापूस नुसता वरवर भरलायस. भरतीत सांधे उघडतील."

"तुला वीस वर्षं लागली, मला पंधरा दिवस. म्हणून तुझ्या पोटात दुखतंय!"

लोक खदखदून हसले. जेरोम गप्प झाला. बुडू दे एकदा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. होडीत कोण बसणार, हे त्याने विचारलं नाही.

बसली दगडूची सात वर्षांची नंदा. खाडीपलीकडच्या काल्हेरच्या निम्म्या वाटेवर सांधे उघडले. दगडू पोहत परत आला. नंदा दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात सापडली.

बुवा सांत्वनाला आला. "विद्या खोटी नव्हे. विटाळशी बाईने होडीला हात लावला." बाई म्हणजे दगडूची बायको, हौसाबाई. बायकांनी तिला विहिरीवरून हाकललं. दगडूने तिला बडवलं.

सोमवारी बुवाने पुन्हा गर्दी जमवली. जेरोम फळी ओढत पुढे आला. "बुवा, ही घ्या चांगली सागाची. मधु, हा रंधा धर जरा."

मधुने सहज रंधा घेतला, उलटा केला, एक डोळा मिटून तळाकडे पाहिलं आणि पात्याला लाकडाने दोन हलके ठोके दिले.

"पातं तिरकं होतं," जेरोम मोठ्याने म्हणाला. "मीच मुद्दाम तसं बसवलेलं. ते ओळखायला मला दोन वर्षं लागली. तुला कोणी शिकवलं?"

"साक्षात विश्वकर्म्याने!" बुवा ओरडला.

"भस्म अजून तुमच्या मुठीत आहे, बुवा."

कोणीतरी हसलं. मधुचा चेहरा उतरला. "मुंबईला हुन्नराच्या शाळेत शिकलो," तो पुटपुटला. "चार वर्षं. काम मिळेना, तेव्हा यांनी पोटाला घातलं."

हौसाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आमची होडी बघितलेलीस?"

"बघितली."

"फुटणार, ते कळलेलं?"

मधुने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाय?"

मधुने रंधा खाली ठेवला. लोक बुवावर तुटून पडले. परवा त्याच्या पायाचं तीर्थ पिणारेच आता त्याच्या तोंडावर लाथा घालत होते. जेरोमने त्यांना ढकलून बाजूला केलं.

"मलापण कळलेलं, हौसाबाई," तो म्हणाला. "एकदा बोललो. लोक हसले, म्हणून रागाने गप्प बसलो."

हौसाबाई त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने ते पुसलं नाही. लोकांकडे वळला.

"ऐका. हा शाळेत चार वर्षं शिकला. मी लाकडं नासवत वीस वर्षं शिकलो. शाळा असती तर माझी सोळा वर्षं वाचली असती. पण शिकल्यावाचून कोणालाच येत नाही, भस्माने तर नाहीच. यापुढे कोणी म्हणालं की न शिकता विद्या देतो, तर त्या विद्येने बांधलेल्या होडीत आधी त्यालाच बसवा. आपली पोरं बसवू नका."